नोटिफाय

नोटिफाय हे इंग्रजी भाषेतील एक औपचारिक सकर्मक क्रियापद आहे. 'एखाद्यास अधिकृतपणे कळवणे' हा त्याचा मूळ अर्थ होय. भारतीय कायद्यात व प्रशासनात मात्र ते प्रामुख्याने 'राजपत्रात प्रसिद्ध करून जाहीर करणे' या अर्थाने वापरले जाते. या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत 'अधिसूचित करणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे.

व्युत्पत्ती
हे क्रियापद फ्रेंच भाषेमार्गे इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी 'ज्ञात' या अर्थाचे लॅटिन विशेषण 'नोटस' आणि 'करणे' या अर्थाचे क्रियापद 'फाकेरे' आहे.

वापर
पहिल्या अर्थी क्रियापदाचे कर्म व्यक्ती असते; उदाहरणार्थ, बँक खातेदाराला नोटिफाय करते. दुसऱ्या अर्थी कर्म नियम, दिनांक किंवा क्षेत्र असते. उदाहरणार्थ, शासन एखादे क्षेत्र नोटिफाय करते. पहिल्या प्रकारात माहिती संबंधितापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे असते. दुसऱ्या प्रकारात राजपत्रातील प्रसिद्धीनेच कायदेशीर परिणाम घडतो. कायद्यात तशी तरतूद नसल्यास प्रत्येक बाधित व्यक्तीस स्वतंत्रपणे कळवले जात नाही.

गोंदिया जिल्ह्यातील उदाहरणे
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे जिल्हे निर्माण करू शकते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला.

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांसंबंधी या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकमेकांना पूरक ठरतात. प्रकल्प अधिसूचित करण्याचा अधिकार राज्य शासनाचा असला, तरी बफर क्षेत्राच्या सीमा संबंधित ग्रामसभा व तज्ज्ञ समिती यांच्याशी विचारविनिमय करून ठरवणे बंधनकारक आहे. त्यामुळे जंगलालगतच्या गावांच्या दृष्टीने 'अधिसूचित होणे' आणि 'कळवले जाणे' यांतील फरक केवळ भाषिक राहत नाही.

मराठी पर्याय
व्यक्तीस माहिती देण्याच्या अर्थी 'कळवणे' किंवा 'सूचना देणे' हे पर्याय योग्य ठरतात. 'सूचित करणे' या शब्दप्रयोगाला 'अप्रत्यक्षपणे सुचवणे' अशीही छटा असल्याने तो संदिग्ध ठरू शकतो. 'अधिसूचना' आणि 'नोटीस' हेही समानार्थी नाहीत: अधिसूचना सर्वांसाठी प्रसिद्ध होते, तर नोटीस सहसा विशिष्ट व्यक्तीवर बजावली जाते. अंतिम निर्णयापूर्वी हरकती व सूचना मागवण्यासाठी प्रसिद्ध होणाऱ्या मसुद्यास 'प्रारूप अधिसूचना' म्हणतात.