ऑईल फिल्टर असतो तरी कुठे?

अंजूरफाटा, काल्हेर, माणकोलीच्या गोदामांवर जुने टेम्पो आजही राबतात. टाटा 407 तर 1986 पासून रस्त्यावर आहे. गाडी कर्जाची, चालक घरचाच. अशा बांधवांना आमचे सांगणे आहे की, ऑईल बदलले एवढ्यावर समाधान मानू नका, फिल्टरही बदलला का ते स्वतः पहा. फिल्टर तुंबला की त्यातील झडप उघडते आणि न गाळलेले ऑईल बेअरिंगवर जाते. इंजिन धरले की हप्ता थकतो.

पंप चेंबरमधले ऑईल ओढून फिल्टरमध्ये ढकलतो. म्हणून फिल्टर बहुधा ब्लॉकच्या बाजूला, खालच्या अंगाला असतो. तांब्याएवढा पत्र्याचा डबा, थेट ब्लॉकवर आवळलेला. काही जुन्या इंजिनांत भांडे, मधोमध लांब बोल्ट आणि आत कागदी फिल्टर असतो. (जुन्या टू-स्ट्रोक रिक्षात शोधू नये. तेथे ऑईल पेट्रोलबरोबरच जळते.)

घोटाळा होतो तो डिझेल फिल्टरशी. त्याला डिझेलच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. तो चुकून खोलला तर लाईनीत हवा शिरते आणि गाडी सुरूच होत नाही.

जुना डबा काढल्यावर त्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑईल गळते. नव्या रिंगेला ऑईल चोळून डबा हातानेच आवळावा. इंजिन सुरू करताच ऑईलचा लाल दिवा विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे.