गार हवेचा हिशेब

एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळपास ११ किलो हवा लागते. लिटरांत सांगायचं तर ९ हजारांहून अधिक. ३५ लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत गाडीने ३ लाख लिटरांवर हवा ओढलेली असते. पेट्रोलचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. हवा फुकट, म्हणून तिची चौकशी कुणी करत नाही. अपवाद गाड्या मॉडिफाय करणाऱ्या हौशी मंडळींचा. त्यांच्या यादीत अलॉय व्हील्सच्या आगेमागेच ‘कोल्ड एअर इनटेक’ असतो. कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा, त्याजागी रुंद, चकचकीत पाइप टाकायचा आणि टोकाला शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर बसवायचा. गाडी गुरगुरायला लागते, मालक खूश होतो. पिकअप किती वाढला, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

लिटर आणि किलो

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतो. म्हणजे १.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर फिरत असेल, तर ते जास्तीत जास्त ३,६०० लिटर हवा घेऊ शकतं. हे लिटर ठरलेले आहेत. जाळण्याचा हिशेब मात्र वजनाचा: १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. त्यामुळे त्याच ३,६०० लिटरांत जितकं वजन अधिक मावेल तितकं पेट्रोल अधिक जाळता येतं आणि तितकी ताकद वाढते.

हवा तापली की विरळ होते. बाहेर ३५ अंश असताना ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात. ही गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के हलकी असते. ताकद मात्र पूर्ण ९ टक्क्यांनी घटत नाही, कारण गार हवासुद्धा सिलिंडरमध्ये शिरेपर्यंत गरम धातूला लागून थोडी तापतेच. इंजिनाच्या चाचण्यांत तापमानाची दुरुस्ती करताना म्हणूनच तापमानाचं वर्गमूळ धरतात. त्या हिशेबाने फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. ८५ हॉर्सपॉवरच्या गाडीत तो चारेक हॉर्सपॉवर भरेल. शिवाय हवा गरम असली की नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचा, धोका वाढतो आणि तो टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगीची वेळ मागे घेतो. तिथेही थोडी ताकद जाते.

म्हणजे तत्त्व शंभर टक्के खरं आहे. प्रश्न एवढाच की तुमची गाडी आज बॉनेटखालची गरम हवा घेते आहे का?

जुन्या गाड्यांचं खरं दुखणं

कार्ब्युरेटरच्या काळात बहुतेक गाड्यांत फिल्टरचा गोल डबा थेट कार्ब्युरेटरच्या डोक्यावर असे आणि आजूबाजूची तापलेली हवा ओढून घेई. त्या काळी हवेचं तोंड बाहेर काढणं फायद्याचं होतं. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींसाठी फोर्डने १९६४ मध्ये फेअरलेनवरून ‘थंडरबोल्ट’ बनवली. तिच्या चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून तिथे जाळी लावली होती आणि त्या भोकांतून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरपर्यंत नेल्या होत्या. कोल्ड एअर इनटेकची कल्पना एवढीच.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम कारखान्यातच झालेलं असतं. बॉनेट उघडून काळ्या डब्यातून पुढे जाणारा पाइप बोटाने शोधा. त्याचं तोंड बहुधा रेडिएटरच्या वर, जाळीच्या मागे, नाहीतर हेडलाइटजवळ निघेल. ती बाहेरचीच हवा आहे. तो डबा काढून बॉनेटखाली उघडा शंकू लावला, तर इंजिन बाहेरची हवा सोडून आतली गरम हवा प्यायला लागतं. ‘कोल्ड एअर’ म्हणून पैसे मोजायचे आणि घ्यायची गरम हवा, असा हा उलटा सौदा. शंकूभोवती उष्णतेपासून आडोसा आणि बाहेरून हवा आणणारी नळी नसेल, तर ते किट नावालाच गार.

बॉनेटवरच्या स्कूपमधून हवा दाबाने आत घुसते, हाही लाडका समज. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अर्धा टक्का भरतो. २०० ला दोन टक्क्यांपेक्षाही थोडा कमी. काही टर्बो गाड्यांच्या बॉनेटवर स्कूप दिसतो, पण त्याचं काम खालचा इंटरकूलर गार ठेवण्याचं असतं.

आवाजाची भूल

मग गाडी जास्त पळते असं वाटतं कशामुळे? कंपनीच्या पाइपला मध्येच रिकाम्या डब्यासारखे फुगवटे असतात. त्यांना रेझोनेटर म्हणतात आणि हवा ओढतानाचा घुमणारा आवाज मारणं हे त्यांचं काम. ते काढले की इंजिनाचा घशातला आवाज केबिनमध्ये येतो आणि पाय आपोआप जोरात दाबला जातो.

अॅव्हरेज वाढण्याचा दावाही तपासून घ्यावा. पेट्रोल इंजिनात नेहमीच्या वेगाला हवेची वाट थ्रॉटलच अडवून असतो. फिल्टर किती मोकळा आहे याला तेव्हा फारसं महत्त्व नसतं. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये आधुनिक गाड्यांवर मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. पिकअप मात्र मंदावला. अर्थ सरळ आहे: मोकळ्या फिल्टरचा उपयोग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, आणि तेवढ्यासाठी कंपनीचा नवा कागदी फिल्टरही पुरतो.

धूळ, पाणी आणि सेन्सर

तेल लावून वापरायच्या कापडी फिल्टरवर तेल जास्त झालं, तर ते हवेबरोबर पुढे जाऊन मास एअरफ्लो सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं. हवा किती येते आहे हे ती तार ईसीयूला सांगते. पाइपचा व्यास बदलला तरी तिचा हिशेब बिघडतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. धुळीचं दुखणं त्याहून सावकाश येतं. गाळणी जितकी मोकळी, तितकी बारीक वाळू आत जाण्याची शक्यता अधिक, आणि सिलिंडरच्या भिंतींना ती पॉलिशपेपरसारखी घासते.

महाराष्ट्रात सगळ्यात महाग धडा पावसाळा शिकवतो. गार हवेसाठी पाइपचं तोंड खाली बंपरच्या पोटात नेलं, की पाणीही तिथेच आधी पोचतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना ते सिलिंडरमध्ये सापडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन पाणी प्यालं’, म्हणजे इंजिन खोलायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हवेच्या तोंडापर्यंत पाणी म्हणजे काय हे मुंबईने पाहिलं. जंगलात नद्यानाले ओलांडणाऱ्या जीपगाड्या म्हणूनच छतापर्यंत उंच स्नॉर्केल लावतात. हवेच्या तोंडाची जागा ठरवताना उष्णता, धूळ आणि पाणी या तिघांशी तडजोड करावी लागते. कंपनीच्या इंजिनिअरांनी ती केलेली असते. गॅरेजमध्ये अर्ध्या तासात ती मोडते.

निसर्ग तर आणखी मोठे आकडे हलवतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. मुंबईच्या तुलनेत तिथे हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी. महाबळेश्वरला ही तूट १५ टक्क्यांपर्यंत जाते. टर्बो नसलेल्या इंजिनाची घाट चढताना जितकी ताकद जाते, तितकी कुठलाही पाइप परत देत नाही.

खर्च करण्याआधी

कायद्याची बाजूही बघून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीचा वाद वेगळाच. कॅलिफोर्नियात इनटेक किट रस्त्यावरच्या गाडीला लावायचं, तर तिथल्या हवा मंडळाची मंजुरी असलेलंच लागतं.

तरीही हौस असेल, तर आधी मोजा. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचं ब्लूटूथ यंत्र स्वस्तात मिळतं. मोबाइलवर ‘इनटेक एअर टेम्परेचर’ दिसतं. ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर ते चढणारच. हायवेवर वीस मिनिटं चालवून पाहा. तिथे ते बाहेरच्या हवेपेक्षा पाच-सात अंशांनीच जास्त असेल, तर नव्या पाइपला कमावण्यासारखं काही उरलेलं नाही. फरक वीस-पंचवीस अंशांचा असेल, तर आधी कंपनीचीच नळी निखळली आहे का ते बघा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाचणी केलीत, तर बॉनेट बंद ठेवायला सांगा. उघड्या बॉनेटसमोर मोठा पंखा लावून काढलेले आकडे रस्त्यावर दिसत नाहीत. आवाज आवडतो म्हणून किट लावणं ही हौस आहे आणि हौसेला मोल नसतं. ताकद हवी म्हणून लावणार असाल, तर पावती फाडण्याआधी थर्मामीटर वाचा.