लगद्याचा नंदी

तान्हा पोळा म्हणजे पोरांचा दिवस. पण लाकडाचा नंदी प्रत्येक घराला परवडतोच असं नाही. म्हणून आज आपण कागदाच्या लगद्याकडे वळू. तो काही नवा नाही. आपल्या आज्या याच्याच टोपल्या करत, आणि मेथी घालून करत.

एक किलो रद्दी घ्यायची. कात्री नको, हातानं फाडा. फाटक्या कडेतून पाणी लवकर शिरतं. चकचकीत कागद बाजूला ठेवा. तीन दिवस भिजवून उखळात कुटा, पिळा. शंभर ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून वाटा. मेथीच्या दाण्यात पाण्यानं फुगणारा डिंक असतो, तोच कागदाचे तंतू धरून ठेवतो. वरून तांदळाच्या पिठाची खळ. सिंदेवाही हा धानाचा मुलूख, इथं डिंकाची बाटली कशाला विकत आणायची?

पण हीच खळ बुरशीचंही जेवण. एका वर्षी आम्ही ऐन आषाढात नंदी घडवले, चांगले भरीव. वरून कडक, आतून ओले. पोळ्याच्या आठ दिवस आधी निम्म्यांवर हिरवी बुरशी, दोघांच्या मानेला तडे. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला जागचा हलत नाही, म्हणून तो फुटतो. तेव्हापासून आम्ही वैशाखातच बसतो. आत सुतळीनं आवळलेल्या तणसाचा सांगाडा, वर अर्धा बोट लगदा, तोही दोन थरांत. पहिला खडखडीत वाळल्यावरच दुसरा.

मोरचूद घातलं तर बुरशी येत नाही, हे खरं. पण ते विष आहे, आणि लहान पोर नंदीचं शिंग आधी तोंडात घालतं. खेळण्यात ते घालू नका.