जुन्या बुद्धिबळाचा जन्मदाखला

पूर्वी मुंबईहून पेण-नागोठण्याकडे जाणारी माणसे बोटीने धरमतरला उतरत आणि तिथून पुढची वाट धरत. त्यांच्या ट्रंकांबरोबर मुंबईच्या बाजारातला मालही खाडीने वर येई. म्हणून इथल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर बुद्धिबळाचा डबा सापडलाच, तर तो इकडच्याच कातार्‍याच्या हातचा असू शकतो, बंगालमधला असू शकतो, थेट लंडनचाही असू शकतो. घरात सहसा एवढेच ठाऊक असते, की तो पणजोबांचा आहे. बाकीची माहिती सोंगट्यांनाच विचारावी लागते, आणि विचारणार्‍याला त्या बरेच काही सांगतात.

आधी पाहायचे ते कोपर्‍यातले मोहरे. आपण त्याला हत्ती म्हणतो, बंगालात त्याला नौका म्हणतात. कोपर्‍यात कोरीव होडी असेल तर संचाचे मूळ बंगालकडे शोधावे. देशी संचांत चित्ररूप सोंगट्या असतात, तशाच कातावर फिरवलेल्या साध्या घुमटाकार सोंगट्याही असतात. या साध्या संचांत एक बाजू बहुधा लाल किंवा हिरवी रंगवलेली असते, आणि घोडा व उंट यांतला फरक चटकन कळत नाही. देशी पट अनेकदा कापडी असे आणि त्यावर काळी-पांढरी घरे नसत, नुसत्या रेघा असत. सोंगट्यांबरोबर असा पट मिळाला तर तो जपून ठेवावा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी बंगालमध्ये मुर्शिदाबादजवळच्या बहरामपूरला कंपनीच्या साहेबांसाठी हस्तिदंती संच घडवले जात. एका बाजूला कंपनीचे शिपाई, दुसर्‍या बाजूला देशी राजाची फौज आणि राजा अंबारीत बसलेला. विशाखापट्टणमचे कारागीर मात्र पानाफुलांची नाजूक नक्षी कोरत. राजा-वजिराखाली एकात एक फिरणारे कोरीव गोळे असतील आणि एक बाजू लाल असेल, तर तो संच चीनमधल्या कँटनहून निर्यातीसाठी निघालेला समजावा.

आज आपण ज्या आकाराच्या सोंगट्यांनी खेळतो, त्याची जन्मतारीख नक्की आहे. नॅथॅनियल कुक यांच्या नावाने हा नमुना लंडनमध्ये १ मार्च १८४९ रोजी नोंदवला गेला. जॉन जॅक यांच्या कारखान्याने तो घडवला आणि त्या काळचा नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन याचे नाव त्याला दिले. म्हणजे स्टाँटन आकाराचा संच १८४९ पूर्वीचा असूच शकत नाही. घरातली आठवण कितीही जुनी सांगितली जावो, ही सीमा ओलांडता येत नाही. युरोपीय पद्धतीचा खेळ मात्र मुंबईला त्याआधीच पोचला होता. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे त्या पद्धतीवरचे पुस्तक १८१४ साली मुंबईतच छापले गेले. तेव्हा मुंबईमार्गे आलेल्या संचात देशी आणि विलायती अशा दोन्ही वळणांची शक्यता धरूनच तपास करावा.

स्टाँटन संचाचे वय ठरवताना जाणकार सर्वांत आधी घोडा हातात घेतात. राजा, वजीर, उंट, प्यादी ही बहुतांशी कातावर उतरतात, पण घोड्याचे तोंड हातानेच कोरावे लागते. पेणमध्ये जाणती माणसे गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीवरून कारखाना ओळखतात, तसेच हे आहे. आयाळीच्या रेघा, जबड्याचा कोन, कानांची ठेवण, नाकपुडीची खोली हे सारे कारागिरागणिक आणि दशकागणिक बदलत गेले. जॅकच्या संचांची कालवार विभागणी संग्राहक याच खुणांवरून करतात.

दुसरी साक्ष लाकडाची. उत्तम स्टाँटन संचात पांढरी बाजू बॉक्सवुडची आणि काळी आबनुसाची असे. लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आक्रसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने जास्त आक्रसते, गाभ्याकडे कमी. म्हणून कातावर अगदी गोल उतरलेली बैठक वर्षानुवर्षांनी किंचित लांबट होते. कॅलिपर लावून दोन दिशांनी मोजले की फरक कळतो. आबनुसाला बारीक उभ्या चिरा पडतात. वजनासाठी जुन्या जॅक संचांत शिसे भरत आणि खाली बनात चिकटवत. तळाला चुंबक ओढला गेला, तर आत लोखंड आहे आणि संच बहुधा अलीकडचा आहे.

केवळ कारखान्याच्या शिक्क्यावर किंवा डब्याच्या कागदावर विश्वास ठेवू नये. डबे बदलले जातात, हरवलेली सोंगटी दुसर्‍या संचातून भरली जाते. अमृतसरचे कारागीर जुन्या नमुन्यांच्या फार सुंदर प्रतिकृती करतात आणि त्यांना मुद्दाम जुनाट रंगही देतात. त्या कामाचा मान मोठाच, फक्त ते जुने म्हणून विकले जाऊ नये. घोडा, लाकूड, वजन आणि डबा ही चारही एकच काळ सांगत असतील, तरच निष्कर्ष काढावा.

पांढरी सोंगटी हस्तिदंताची की हाडाची, हे भिंगाने कळते. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, कारण त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणार्‍या वक्र रेषांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा जुना उपाय सोंगटी बिघडवतो, तो करू नये. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे आणि १०० वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. विक्रीचा विचार करण्याआधी हे दोन्ही कायदे समजून घ्यावेत.

ओळख पटली नाही तर काय होते, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. लुईस बेटावर १८३१ साली वॉलरसच्या दातांत कोरलेल्या बाराव्या शतकातल्या सोंगट्या सापडल्या. त्यांतली हरवलेली एक एडिंबरोच्या एका विक्रेत्याने १९६४ मध्ये ५ पौंडांना घेतली. तिचे खरे मोल घरात कोणालाच कळले नाही. २०१९ मध्ये ओळख पटली आणि लिलावात तिला ७,३५,००० पौंड मिळाले.

आपल्या माळ्यावरचा डबा तेवढ्या मोलाचा बहुधा नसेल. तरी त्याला पॉलिश लावू नका, तुटलेली सोंगटी फेकू नका, बनात बदलू नका. वय सांगणार्‍या खुणा नेमक्या त्यातच असतात. पट, डबा आणि सोंगट्या एकत्र ठेवा. प्रत्येकीचे वरून, बाजूने आणि तळाचे छायाचित्र काढा. संच कोणी आणला, कोण त्यावर खेळत असे, हे घरातल्या वडीलधार्‍यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. लाकूड आपले वय पुढेही सांगत राहील. खेळणार्‍यांची नावे मात्र आजच लिहिली तरच उरतील.