विश्लेषण : पागोळ्यांचे पाणी घरात वापरावे का?

कोकणात वर्षाला सरासरी २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही ऐन पावसाळ्यात वीज जाते, पंप बंद पडतो, विहीर गढूळ होते आणि पन्हळीखाली पिंप लागते. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबाने १००० लिटर पाणी.

धोका कुठे?

पाणी बिघडते ते मुख्यतः छपरावर. पक्ष्यांची विष्ठा, उंदरांचे मूत्र, पालापाचोळा सरीबरोबर पिंपात उतरतो. म्हणून उघडिपीनंतरच्या सरीचे सुरुवातीचे पाणी सोडून द्यावे.

वापर कसा करावा?

फरशी, शौचालय, झाडांसाठी हे पाणी तसेच चालते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी ते गाळून, खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळते ठेवावे. तुरटीने गाळ बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. शिसेयुक्त जुना रंग असलेल्या छपराचे पाणी मात्र उकळूनही पिऊ नये. शिसे उकळल्याने जात नाही.

साठवताना काय?

डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंपावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी हवी. अंडी आतल्या कडेला चिकटतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासावे.