शोकेसमधले फोटो

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या लहानपणी तेल्हाऱ्यात सिनेमा आत जाऊन पाहण्याआधी बाहेर उभं राहून पाहिला जायचा. तिकीटखिडकीच्या शेजारी भिंतीवर काचेची पेटी असे. तिला सगळे शोकेस म्हणत. तिच्यात त्या आठवड्याच्या सिनेमाचे दहा-बारा फोटो टाचलेले असत. बाजाराला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं थैली खाली ठेवून ते फोटो निरखत आणि मग आत जायचं की नाही ते ठरवत. खेळ सुटला की हमखास एक तक्रार ऐकू येई, "फोटूत त मारामारी होती, पिक्चरमंधी आलीच नाही!" ऑपरेटरनं घरी लवकर जायला रीळ गाळलं, असा आमचा सगळ्यांचा ठाम समज होता.

बिचाऱ्या ऑपरेटरचा बहुतेक वेळा काही दोष नसे. शोकेसमधला फोटो हा सिनेमाच्या रिळातून काढलेला तुकडा नसतोच. तो वेगळ्या कॅमेऱ्यानं, बहुधा वेगळ्या माणसानं, चित्रीकरण चालू असताना काढलेला स्वतंत्र फोटो असतो. प्रसंग नंतर संकलनात कापला गेला तरी त्याचा फोटो गावोगाव पोचलेला असे. आमची मारामारी अशीच कुठेतरी हरवली असावी.

मग रिळातलंच चित्र मोठं करून का लावत नसत? मूकपटाच्या काळात रिळावरचं एक चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, साधारण २४ बाय १८ मिलिमीटरचं असे. कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचं, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं पडायची. म्हणजे एका चित्राला उजेड मिळणार सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याइतका. तेवढ्यात नटानं हात उगारला तर तो हात पुसट होतो. पडद्यावर एकामागून एक चित्रं येतात म्हणून ते खपून जातं, पण त्यातलं एकच उचलून मोठं केलं की डाग दिसतो. म्हणून दिग्दर्शक प्रसंग घेऊन झाला की नटांना पुन्हा उभं करी, "हलू नका" म्हणे आणि तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यात काचेची प्लेट सरकवून फोटो घेतला जाई. जुन्या फोटोंतले नट थोडे ताठ दिसतात ते यामुळेच. पुढे बोलपट आला तेव्हा फोटोच्या कॅमेऱ्याची खटकन होणारी आवाजाची कळ ध्वनिमुद्रणात शिरू लागली, आणि फोटोग्राफरला पुन्हा प्रसंग संपण्याची वाट पाहावी लागली.

आपल्याकडे हे दोन्ही कॅमेरे ओळखणारा एक दिग्दर्शक म्हणजे दादासाहेब फाळके. ते सिनेमाकडे आले ते छायाचित्रणातून. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला स्वतःचा स्टुडिओ काढला, काही काळ पुरातत्त्व खात्यात काम केलं, मग लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्यात. १९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी काय टिपलं असेल? कुंडीतला वाटाणा. रोज थोडं थोडं असं महिनाभराहून अधिक काळ त्याचं चित्र घेत राहिले. सगळी चित्रं जोडून दाखवली तेव्हा मिनिटभरात कोंब वर येऊन वेल झाला. ते पाहूनच 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज उभं राहिलं. एकेका स्थिर चित्राची अशी माळ करणं फोटोग्राफरलाच सुचावं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्येही कथा सुरू होण्याआधी त्यांनी आपल्या मंदाकिनी या लहान मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव एकापाठोपाठ दाखवले आहेत. स्टुडिओत मूल समोर बसवून फोटो काढावेत तसे!

परदेशात स्टॅन्ली क्युब्रिक हा दिग्दर्शकही 'लुक' नियतकालिकाचा फोटोग्राफर होता. सेटवर तो पोलरॉइडवर फोटो काढून उजेड बरोबर आहे की नाही ते तपासत असे. मुंबईत मात्र हे काम लवकरच वेगळा धंदा झालं. दामोदर कामत यांनी १९४५ साली सुरू केलेल्या 'कामत फोटो फ्लॅश'नं शेकडो हिंदी चित्रपटांचे असे फोटो काढले.

हे फोटो जाहिरातीसाठी काढलेले. सिनेमा उतरला की त्यांचं काम संपे. पण झालं उलटंच. जुनं रीळ नायट्रेटचं, म्हणजे पेट घेणारं. शिवाय त्यातल्या चांदीसाठी लोक ते विकत. पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा तर शेकडो चित्रपटांची मूळ रिळं गेली. काहींच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, म्हणून वाचल्या. कागदावरचा फोटो याहून नशीबवान, कारण त्याच्या अनेक प्रती निघून वितरकांकडे, थिएटरांत, छापील पुस्तिकांत विखुरलेल्या असत.

आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला जवळचा वाटावा असा एक सिनेमा असाच गेला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश'. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम.  तो मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ साली बाबूरावांनीच तो पुन्हा बोलपट म्हणून काढला; अंधारलेली झोपडी आणि रडणारं कुत्रं असा त्या बोलपटातला एक प्रसंग जे. बी. एच. वाडियांना अनेक वर्षांनीही आठवत होता, पण पहिल्याची गोष्ट वेगळी. त्याच्या मागे उरले ते काही फोटो. शेतकऱ्याच्या वेषातला शांताराम त्यांत दिसतो. कापसाच्या आणि कर्जाच्या या मुलखात ते चित्र कुणालाही परकं वाटणार नाही. त्या प्रसंगाच्या आधी काय घडलं आणि नंतर कॅमेरा कुठे वळला, हे फोटो सांगू शकत नाही.

आमच्या शोकेसमधले फोटो रद्दीत गेले. मागे एकदा जुनं सामान विकणाऱ्याकडे त्यातले दोन मला सापडले, आठ आण्यांना एक. एकात नायिका झोक्यावर आहे. दुसऱ्यात ती न दिसलेली मारामारी. चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत, आणि नायकानं धरलेली खलनायकाची कॉलर अजून सुटलेली नाही.