घरी खारवलेल्या बेकनच्या चवीची मीमांसा

इंग्लंडमधील कष्टकरी कुटुंबांच्या घरकारभारासंबंधी विल्यम कॉबेट ह्याने १८२१-२२ साली 'कॉटेज इकॉनॉमी' ह्या नावाने जे लेखन केले, त्यात डुकराच्या मांसाचे बेकन घरच्या घरी कसे करावे ह्याची तपशीलवार माहिती आढळते. मांसावर चोळलेले मीठ वरचेवर बदलावे. सुटणारे पाणी साचू न देता वाहून जाऊ द्यावे. मांस धुराड्यात अशा उंचीवर टांगावे की चरबी वितळणार नाही. धूर लाकडाचाच असावा, परंतु ते लाकूड चिडीच्या जातीचे नसावे. कॉबेटला रसायनशास्त्र अवगत नव्हते आणि त्याची गरजही त्याला भासली नसावी. तथापि त्याच्या सूचनांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांतील बहुतेक सूचना काय घालावे हे सांगत नाहीत. काय होऊ देऊ नये हे सांगतात.

आज घरी बेकन करणाऱ्या हौशी माणसाची प्रवृत्ती नेमकी ह्याच्या उलट असते. चव हवी तशी उतरली नाही की तो मिरी वाढवितो, मेपलचा पाक ओततो, धुरीचे तास दुप्पट करतो. असे करून पदार्थाला वास पुष्कळ येतो, पण तो बेकनचा वास नसतो. बेकनची चव ही बाहेरून आणून घातलेल्या द्रव्यांपेक्षा मांसातील व चरबीतील बिघाड टाळल्यामुळे शिल्लक राहणारी चव आहे, असे मानण्यास गेल्या शतकातील संशोधनाने सबळ आधार दिला आहे.

ह्या संशोधनाची सुरुवात चरबीपासून करणे योग्य होईल. हॉर्नस्टाइन व क्रो ह्यांनी १९६० साली गोमांस व डुकराचे मांस ह्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, चरबी पूर्णपणे वगळून केवळ तांबड्या मांसाचा पाण्यात उतरणारा अंश तापविला असता दोहोंचा वास जवळजवळ सारखाच येतो. कोणत्या जनावराचे मांस आहे हे ओळखू येते ते मुख्यतः चरबीच्या वासावरून. पुढे १९६५ साली क्रॉस व झीग्लर ह्यांनी खारवलेल्या व न खारवलेल्या मांसांतून निघणाऱ्या बाष्पांची तुलना केली. साध्या मांसाच्या बाष्पात हेक्झॅनलसारखी आल्डिहाइडे भरपूर होती, खारवलेल्या मांसात ती जवळजवळ नव्हती. ही आल्डिहाइडे चरबीच्या ऑक्सिडीकरणातून निर्माण होतात. त्यानंतर त्यांनी न खारवलेल्या मांसाचे बाष्प आल्डिहाइडे शोषून घेणाऱ्या द्रावणातून नेले, तेव्हा बाहेर पडलेल्या बाष्पाला खारवलेल्या हॅमसारखा वास येऊ लागला. एवढेच नव्हे तर कोंबडीच्या व गाईच्या मांसाच्या बाबतीतही असेच घडले. हा प्रयोग जितका साधा तितकाच मार्मिक आहे. खारवलेल्या मांसाची म्हणून जी चव आपण ओळखतो, तिचा मोठा भाग खवटपणाच्या पहिल्या पायऱ्या न चढलेल्या मांसाचीच चव होय, असा त्याचा अर्थ निघतो. ह्या चवीला कारणीभूत असे एकच एक द्रव्य शोधून काढण्याचे प्रयत्न पुढे अनेकांनी केले, पण तसे द्रव्य हाती लागलेले नाही.

हा खवटपणा रोखण्याचे काम प्रामुख्याने नायट्राइट करते. पूर्वी त्याऐवजी सोरा वापरीत. सोऱ्यातील नायट्रेटचे खारवणीच्या पाण्यात नायट्राइट बनते, हे पोलेन्स्के ह्याने १८९१ साली दाखविले. आणि खारवलेल्या मांसाचा तांबडा रंग हा नायट्राइटपासून निघणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा रक्तरंजकाशी संयोग होऊन येतो, हे हॉल्डेन ह्याने १९०१ साली सिद्ध केले. मांसातील मायोग्लोबिनमध्ये जे लोह असते ते एरवी चरबीच्या ऑक्सिडीकरणाला चालना देते. नायट्रिक ऑक्साइडने ते बद्ध झाले की त्याची ही शक्ती क्षीण होते. अर्थात बेकनचा गुलाबी रंग आणि बेकनची चव ह्या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. अमेरिकेत १९२५ साली नायट्राइटच्या प्रत्यक्ष वापरास परवानगी मिळाली, त्यानंतर सोऱ्याचा अनिश्चित मार्ग हळूहळू मागे पडला.

येथे प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही. कमी उष्णतेच्या धुरात मांस तासन् तास कोमट आणि प्राणवायूच्या अल्प पुरवठ्यात राहते, आणि क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम ह्या जंतूला हीच परिस्थिती मानवते. ह्या जंतूच्या विषाने होणाऱ्या रोगाचे नावच मुळी लॅटिन भाषेतील सॉसेजवाचक शब्दावरून पडलेले आहे. नायट्राइट त्याची वाढ रोखते. उलटपक्षी नायट्राइट अधिक झाल्यास ते स्वतःच विषारी ठरते. रक्तातील हीमोग्लोबिन त्यामुळे प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते. म्हणून ह्या एका द्रव्याचे माप अंदाजाने, चमच्याने किंवा चिमटीने घेणे कदापि क्षम्य नाही. अमेरिकेत मिळणाऱ्या खारवणीच्या चूर्णात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट व उरलेले साधे मीठ असते. साध्या मिठाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो. दर किलो मांसाला हे चूर्ण २ ग्रॅम घेतले म्हणजे नायट्राइट १२५ मिलिग्रॅम पडते. युरोपात मात्र नायट्राइटयुक्त मीठ म्हणून जे विकले जाते त्यात नायट्राइटचे प्रमाण सुमारे अर्धा टक्काच असते आणि ते साध्या मिठाऐवजी पूर्णपणे वापरावयाचे असते. युरोपीय कृती वाचून अमेरिकी चूर्ण किलोला २५ ग्रॅम घातले, तर नायट्राइट दीड हजार मिलिग्रॅमच्या वर जाईल. दोन देशांच्या दोन पुस्तकांतील एकाच नावाच्या जिनसामुळे होऊ शकणारी ही चूक साधी नव्हे.

नायट्राइटविषयीची दुसरी धास्तीही निराधार नाही. मॅगी व बार्न्स ह्यांनी १९५६ साली डायमिथिल नायट्रोसमीनमुळे उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो हे दाखविले. बेकन कडक तळले असता त्यात नायट्रोसोपायरोलिडीन निर्माण होते हे १९७० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. त्यामुळे अमेरिकी सरकारने १९७८ साली खारे पाणी टोचून तयार केलेल्या बेकनसाठी नायट्राइट दशलक्ष भागांत १२० भाग आणि त्याबरोबर ॲस्कॉर्बेट ५५० भाग असे प्रमाण ठरवून दिले. ॲस्कॉर्बेट हे नायट्रोसमीनची निर्मिती रोखते, शिवाय रंग लवकर पक्का करते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. बेकन हा नित्याचा आहार नसून प्रसंगाचा पदार्थ असावा, एवढे त्यावरून निश्चित होते. परंतु नायट्राइट गाळून केलेले बेकन निर्धोक होते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सेलरीचा रस वा भुकटी घालून 'नैसर्गिक' बेकन केल्याचा दावा तर अधिकच फसवा आहे. सेलरीतील नायट्रेटचे जंतूंच्या साह्याने नायट्राइटच बनते. फरक इतकाच की घरी ते किती बनले हे कळण्यास मार्ग नसतो.

मिठाच्या बाबतीत जुन्या व नव्या पद्धतींतील भेद अधिक उघड आहे. शीतगृहे नव्हती तेव्हा मांस टिकविण्याचा सारा भार मिठावर पडे, आणि खारट बेकन भिजवून खाण्यावाचून गत्यंतर नसे. विल्टशायरमधील काल्न येथील हॅरिस घराण्यातील जॉर्ज हॅरिस १८४७ साली अमेरिकेस गेला व तेथील बर्फाचा उपयोग त्याने पाहिला. त्या घराण्याने पुढे बर्फगृहे उभारली आणि १८६४ साली त्याचे एकस्व मिळविले. ह्या थंडाव्यामुळेच सौम्य खारवणीचे बेकन वर्षभर करणे शक्य झाले. थंडी आली तेव्हा मीठ उतरले, आणि मीठ उतरले तेव्हा मांसाची चव वर आली.

घरी खारवताना मांसाच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच टक्के मीठ तोलून घ्यावे, ते मांसाला चोळून सर्व ऐवज घट्ट पिशवीत बंद करावा आणि ४ अंशांपेक्षा कमी तपमानाच्या शीतकपाटात ठेवावा. अशा रीतीने ठेवलेले मांस ठराविक मर्यादेपलीकडे खारट होऊच शकत नाही, कारण त्यात शिरावयास अधिक मीठ शिल्लकच नसते. कॉबेटचे पाणी वाहून जाऊ देण्याचे तत्त्व मात्र येथे लागू पडत नाही. त्याच्याजवळ तागडीचा हिशेब नव्हता व मीठ अपरिमित होते. येथे सुटलेले पाणी पिशवीतच राहू द्यावे, त्यात मोजलेले मीठ व नायट्राइट असते. मिठाचा प्रवेश विसरणाने होतो आणि फिकने १८५५ साली मांडलेल्या नियमानुसार त्यास लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा जितक्या दिवसांत खारवेल त्याच्या चौपट दिवस चार सेंटिमीटरच्या तुकड्याला द्यावे लागतील. इंचाला सात दिवस हा अमेरिकी घरांतील रूढ हिशेब पोटाकडील पट्ट्याच्या नेहमीच्या जाडीपुरता चालतो. त्याहून जाड तुकड्यास तो अपुरा पडतो. घाईने बाहेर काढलेल्या मांसाच्या मध्यभागी करडा पट्टा दिसतो. तेथे नायट्राइट पोचलेले नसते, आणि बेचवपणाही तेथेच असतो.

मीठ शुद्ध असावे. लोह व तांबे ह्यांचे अंश असलेले मीठ खवटपणाला उत्तेजन देते. किंबहुना मीठ स्वतःही त्या दिशेने थोडेबहुत काम करतेच. कच्च्या मांसाविषयी एवढेच सांगणे पुरे की, शेंगदाण्यासारख्या तेलकट खाद्यावर पोसलेल्या डुकराची चरबी मऊ असते व लवकर खवट होते, आणि वयात आलेल्या नर डुकराच्या चरबीला जो उग्र दर्प असतो तो कोणत्याही खारवणीने जात नाही. साखर सुमारे एक टक्का असावी. ती टिकवणुकीसाठी नसते, मिठाचा तिखटपणा ती झाकते. गूळ घातल्यास तव्यावर रंग लवकर चढतो व करपण्याची भीतीही वाढते. मसाल्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. गोव्याच्या चोरीसचा मार्ग ह्याहून वेगळा आहे: तेथे शिर्का, मिरची व लसूण हे पदार्थाचे प्राणच आहेत, आणि दमट उष्ण हवेत शिर्क्याच्या आम्लतेवाचून मांस टिकणेही कठीण. त्या कृतीवरून बेकनमध्ये मसाला वाढविण्याचे समर्थन करणे म्हणजे दोन भिन्न परंपरांची गल्लत करणे होय.

खारवून झाल्यावर मांस धुवून, पुसून एक रात्र थंड हवेत उघडे ठेवावे. त्याचा पृष्ठभाग कोरडा व किंचित चिकट झाला पाहिजे. ओल्या मांसावर धूर असमान बसतो, काळपट ओघळ उतरतात आणि चव कडवट होते. धुरीत बिघडलेल्या बेकनपैकी बरेचसे ह्या एका रात्रीच्या आळसाने बिघडलेले असते.

धुराविषयी एक समजूत फार रूढ आहे. धूर जितका दाट व पांढरा तितकी धुरी चांगली, असे मानले जाते. ॲबर्डीन येथील टॉरी संशोधन केंद्रात फॉस्टर व सिम्प्सन ह्यांनी माशांच्या धुरीविषयी केलेले आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेले काम ह्या समजुतीला छेद देते. डोळ्यांना दिसणारा धूर हा सूक्ष्म थेंबांचा समुदाय असतो. परंतु पदार्थात जे मुरते ते मुख्यत्वे त्या थेंबांबरोबर असणारे अदृश्य बाष्प होय. थेंब हे ह्या बाष्पाचे कोठार आहेत, एवढेच. तेव्हा कोंडलेल्या दाट धुराने पदार्थावर डांबर व काजळी बसते; वाहत्या पातळ निळसर धुराने चव येते.

त्या बाष्पातील फिनॉले लाकडातील लिग्निनपासून निघतात. ग्वायाकॉल व सिरिंगॉल ही त्यांतील प्रमुख होत, आणि कठीण लाकडाच्या धुरात सिरिंगॉल विशेष असते. सोनेरी-तपकिरी रंग येतो तो सेल्युलोज व हेमिसेल्युलोजपासून निघणाऱ्या कार्बोनिल संयुगांची मांसातील प्रथिनांशी क्रिया होऊन. चिडीच्या लाकडातील राळ जळून उग्र वास व काजळी देते. कॉबेटने ते वर्ज्य केले ते केवळ अनुभवाच्या जोरावर. लाकूड भडकू न देता धुमसत ठेवावे, कारण तपमान फार चढले की फिनॉले नष्ट होऊ लागतात आणि बेंझोपायरीनसारखी घातक संयुगे वाढतात. धुरातील फिनॉले ही स्वतःच ऑक्सिडीकरणरोधक आहेत. म्हणजे नायट्राइटने आत जे काम केले तेच काम धूर पृष्ठभागावर पुढे चालवितो. थंड धुरी द्यावयाची असल्यास धुराचे तपमान ३० अंशांच्या खाली ठेवावे, आणि असे बेकन कच्चेच समजून शिजविल्याविना खाऊ नये. नुकतेच धुरावलेले बेकन चाखून निर्णय देणेही योग्य नाही. एकदोन दिवस ते थंड जागी ठेवले म्हणजे पृष्ठभागावरील ठसका मावळतो व धूर आत पसरतो.

साठवणीत बेकन शक्यतो अखंड ठेवावे, लागेल तेव्हा कापावे. गोठविल्याने ते अनिश्चित काळ टिकते ही कल्पना चुकीची आहे. मिठामुळे गोठलेले बेकन ताज्या मांसापेक्षा लवकर खवट होते, आणि महिन्याभरात ते संपविणे चांगले. तळताना काप थंड तव्यावर ठेवून मंद आचेवर चरबी सुटू द्यावी. नायट्रोसोपायरोलिडीन बनते ते मुख्यतः तळणीच्या अखेरच्या, अतितप्त अवस्थेत. आणि त्याचा मोठा वाटा तव्यात सुटलेल्या चरबीत उतरतो. इंग्रजी न्याहारीत त्याच चरबीवर पाव तळण्याची चाल आहे, ती सोडणे अनेकांना जड जाईल.